आमलीकरांसाठी हायब्रिड : प्राथमिक धडे

साहित्य : एक वही, एक पेन, सध्याची गाडी (जुन्या डीएन-०९ पाटीची चालेल) आणि संयम. संयम शोरूममध्ये मिळत नाही, घरूनच न्यावा.

धडा १ : शब्दओळख

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र संसार. ब्रेक दाबल्यावर एरवी वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते. पुन्हा निघताना मोटर ती वापरते. टोयोटाने १९९७ मध्ये जपानात प्रियस विकायला काढली. आपल्याकडे सिटी, हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये हायब्रिड रूपात आल्या. विक्रेता 'स्मार्ट हायब्रिड' म्हणाला, तर थांबा. तिथली मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. पंगतीत मीठ वाढणारा आणि आचारी यांच्यात असतो, तेवढा हा फरक.

धडा २ : पाठांतर

गाडी दारात उभी राहताच शेजारचे काका विचारतील, "देते किती?" ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिडसाठी कंपनीचे उत्तर आहे : लिटरला २७.९७ किलोमीटर. हे तोंडपाठ करा. लग्नकार्यात उपयोगी पडते, रस्त्यावर तेवढे नाही.

धडा ३ : वहीतली नोंद

महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा. नमुना : आमली ते सेलवासमधले ऑफिस, जाऊन-येऊन ६, असे २५ दिवस. पाहुणे आणायला वापी स्टेशन दोनदा, दर खेपेला ३६. एका रविवारी खानवेल, ४०. बेरीज २६२. लग्न-आजारपणाच्या सुट्या वजा जाता वर्षाचे ३,००० धरा. आकडा पाहून लाजू नका. गाव आटोपशीर आहे, हा तुमचा दोष नव्हे.

धडा ४ : त्रैराशिक

साधी पेट्रोल गाडी १४ आणि हायब्रिड २१ देते असे धरू. पहिलीला वर्षाला २१४ लिटर लागतील, दुसरीला १४३. वाचले ७१ लिटर, म्हणजे दीडेक टाकी. लिटर ९५ रुपयांना धरले, तर पावणेसात हजार. हायब्रिडसाठी दोन लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला तीस वर्षे. गाडीचे रजिस्ट्रेशन १५ वर्षांचे असते. उरलेली १५ वर्षे नातवाने चालवावी.

धडा ५ : तुमच्या गैरसमजुती

'सरकार सवलत देत असेल.' २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि ग्रँड व्हिटाराच्या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के आहे.

'बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे.' आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी भरेल ते. तुमच्या वहीप्रमाणे आठ वर्षांत २४,००० होतील. वॉरंटी अंगणातच म्हातारी होईल.

'गावातल्या गावात हायब्रिड सर्वात फायद्याची.' गर्दीत, थांबत-थांबत तासभर चालवली तर खरे आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज रखडणाऱ्याने हायब्रिड जरूर घ्यावी. आमलीत मात्र इंजिन गरम होते न होते तोच ऑफिसचे गेट येते.

'पेट्रोल किती महाग झालेय!' मुंबईपेक्षा इथे स्वस्त आहे. हिशेब आणखी बिघडला.

धडा ६ : तरीही घ्यायचीच असेल तर

घ्या. पहाटे आवाज न करता गल्लीतून सरकणारी गाडी हे सुख आहे आणि सुखाला पैसे पडतात. बिलावर त्याला 'बचत' म्हणू नये, एवढेच. घरात तर मुळीच नाही. वही तिथेच पडलेली असते.

स्वाध्याय : काकांनी पुन्हा "देते किती?" विचारले, की त्यांना उलट विचारा, "काका, चालते किती?" मग दोघे मिळून कव्हरवरची धूळ झटका.