लॅबचे मामा

कॉलेजातल्या रसायनशास्त्र विभागाला विभागप्रमुख असतात, प्राध्यापक असतात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या एखाद्या मॅडम असतात. लॅबची किल्ली मात्र मामांकडे असते. कागदोपत्री हुद्दा ‘प्रयोगशाळा परिचर’. पगारपत्रकाबाहेर तो कुणी उच्चारत नाही. मामा सांगलीचे असोत की परभणीचे, अंगात खाकी नाहीतर निळा डगला, त्याला ॲसिडने पाडलेली भोकं, पायात चपला, वरच्या खिशात काचेवर लिहायची पेन्सिल आणि त्याच खिशाच्या तळाशी तंबाखूची पुडी. ‘प्रयोगशाळेत खाणेपिणे सक्त मना आहे’ ही पाटी बरोबर त्यांच्या स्टुलाच्या वर. तंबाखू हे खाणंही नव्हे आणि पिणंही नव्हे, असा मामांनी त्या नियमाचा अर्थ लावलेला असतो, आणि त्याला आजवर एकाही विभागप्रमुखाने आव्हान दिलेलं ऐकिवात नाही.

एफवायच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर सूचना सांगतात. एप्रन हवा, केस बांधलेले हवेत, पायात बूट हवेत. काही चाखू नका. वास घ्यायचा तर नळीत नाक खुपसू नका, हाताने वारा आपल्याकडे घ्या. बाटलीतून जास्तीचं काढलंत तर पुन्हा बाटलीत ओतू नका. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. सूचना उत्तमच असतात. पोरं त्या जर्नलच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवतात आणि तिथेच ठेवून देतात. सर केबिनमध्ये गेले की मामांचा पाठ सुरू होतो, आणि तो एका वाक्यात संपतो : “काय बी करा, पण मला विचारून करा.”

खरं तर त्या खोलीत प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते. पोरांना सॉल्टचं नाव हवं असतं, रीडिंग जुळायला हवं असतं, जर्नलवर सही हवी असते. सरांना वाटतं, पोरांना निरीक्षणाची सवय लागावी. मामांचा हिशेब त्याहून कडक : 20 जणांची बॅच आत आली, म्हणजे पाच वाजता 40 डोळे बाहेर गेले पाहिजेत.

त्यासाठी त्यांनी कमावलेले कान बघण्यासारखे असतात. मामा पाठमोरे उभे राहून वॉश बॉटलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरत असतात. मागे कुणीतरी अर्ध्याहून जास्त भरलेली टेस्ट ट्यूब एकाच जागी धरून तापवत असतो. आतला द्रव उसळी मारायच्या आधी बारीक टकटक करतो. आपल्याला ती ऐकू येत नाही; मामांना येते. मान न वळवता हुकूम सुटतो, “ए चेकचा शर्ट! नळीचं तोंड भिंतीकडं कर. आणि हलवत तापव, धरून काय बसलास?” चेकचा शर्ट दचकतो आणि समोरच्या मुलीचा चेहरा वाचतो. तिला याचा पत्ताही लागत नाही.

बेसिनमध्ये सोडियमचा तुकडा टाकून बघू, असं वाटणारा एक जण दर बॅचमध्ये जन्माला येतोच. मामा त्याला पहिल्याच दिवशी चेहऱ्यावरून ओळखतात आणि आपल्या टेबलासमोरची जागा देतात. सोडियमची रॉकेलमध्ये बुडवलेली बाटली कपाटातून काढणं, तुकडा कापणं, टिपकागदावर टिपणं, उरलेला परत रॉकेलमध्ये घालणं, हे सारं ते स्वतःच्या हाताने करतात. लासेनच्या टेस्टमध्ये लालभडक इग्निशन ट्यूब पाण्यात बुडवली की ती फुटतेच, फुटावीच लागते. तेव्हा अवघी बॅच मामांच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर दोन पावलं मागे सरकते. कवायतीच्या मास्तरालाही एवढी शिस्त साधत नाही.

ज्यांच्या नावाचा बर्नर, त्या रॉबर्ट बन्सन यांचा एक डोळा आर्सेनिकच्या संयुगावर काम करताना झालेल्या स्फोटात गेला होता. सर ही गोष्ट वर्गात सांगतात, आणि दरवर्षी नेमके तेव्हाच मामा खडू द्यायच्या निमित्ताने दारात उभे असतात. दुसऱ्या दिवशी तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती लॅबमध्ये निघते : “ज्याच्या नावाचा बर्नर, त्याचाच डोळा गेला. तू कोण लागून गेलास?”

हायड्रोजन सल्फाइड हा मामांचा खास प्रांत. किपचं उपकरण ते एकट्याने भरतात आणि त्याला ‘किपसाहेब’ म्हणतात. किपसाहेब सुरू झाले की सडक्या अंड्यांचा वास जिन्यापर्यंत जातो आणि कॉमर्सच्या वर्गातून निरोप येतो. पोरं थोड्या वेळाने म्हणतात, “मामा, वास गेला आता.” मामा मुकाट्याने खिडक्या उघडतात. हा गॅस जास्त झाला तर नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि गॅस तिथेच असतो, हे पुस्तकात आहे. मामांनी पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना नाकाने शिकवलंय.

टायट्रेशनमध्ये मामांचं आसन आणखी उंच. ब्युरेटमध्ये अल्कली, फ्लास्कमध्ये ॲसिड, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि शेवटी टिकणारी फिकट गुलाबी छटा. फिकट हा शब्द पोरांच्या गावी नसतो. एकाचा फ्लास्क गडद झाला की मामा येता येता म्हणतात, “हलकी गुलाबी सांगितली होती. लग्नातला फेटा नव्हे.” मग तीन रीडिंग घ्यायची, त्यातून सीबीआर, म्हणजे कायम येणारं ब्युरेट रीडिंग, काढायचं. पहिलं 9.8 आलं की पुढची दोन बहुतेक वेळा पेनानेच येतात, तीही 9.8. सर खूश होतात. मामा होत नाहीत, कारण सकाळी द्रावण करताना फोन आला म्हणून पाण्याची धार जरा जास्त पडली होती आणि खरं उत्तर साडेदहाच्या आसपास आहे, हे त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक असतं. ते कुणाला सांगत नाहीत. फक्त ज्या एका मुलीचं रीडिंग 10.4 येतं आणि जी घाबरून शेजारणीचं बघायला वाकते, तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणतात, “ताई, आपलं आपल्याजवळ ठेवायचं.”

परीक्षेच्या दिवसांत मामांचा भाव वधारतो. कॅन्टीनचा चहा न मागता येतो, ‘मामा, तब्येत कशी आहे?’ अशी विचारपूस होते. मामा चहा घेतात, सॉल्ट सांगत नाहीत. पण सिल्व्हर नायट्रेट महाग. एखादा चौथ्यांदा मागायला आला की त्यांचा जीव तुटतो. “पांढरं पीपीटी आलं ना? मग आता आणखी किती पांढरं पाहिजे?” क्लोराइड आहे, असं त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांनी माल वाचवला. शिवाय ते अंगावर सांडलं की कातडीवर काळे डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत, हा वेगळा ताप.

भाजलं, चटका बसला, ॲसिड उडालं, काहीही असो, मामांचं औषध एकच : नळ. प्रथमोपचार पेटीत बर्नोलची ट्यूब आहे, पण पेटीची किल्ली कार्यालयात आणि कार्यालयीन अधीक्षक जेवायला गेलेले. “धर नळाखाली. पंधरा मिनिटं.” दोन मिनिटांत पोरगा म्हणतो, “बरं वाटतंय मामा.” “बरं वाटायला नाही धरलं. घड्याळाकडं बघ.” उन्हाळ्यात टाकीत खडखडाट होतो म्हणून मामांनी कोपऱ्यात एक पिंप भरून ठेवलेलं असतं. त्यातलं पाणी मागायची प्राचार्यांच्या शिपायाचीही छाती होत नाही.

गॉगलही आहेत, कुलपात. ते बाहेर येतात नॅकची समिती यायच्या आदल्या दिवशी. तेव्हा अग्निशामक नळकांड्यावरची धूळ पुसली जाते, वाळूच्या लाल बादल्यांतून विड्यांची थोटकं वेचली जातात आणि मामांना बूट घालायला लावतात. अशाच एका भेटीत समितीतल्या एका मॅडमनी सरांना वगळून थेट मामांना विचारलं, “तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सांडलं तर काय करता?” प्राचार्यांनी रुमाल काढला.

“आधी पोरगं बाजूला घेतो. अंगावर असलं तर नळाखाली धरतो. मग फरशीवर सोडा टाकतो.”

“सोडा आधी नाही का?”

“सोडा आधी टाकला तर पोरगं ते बघत बसतं आणि हात तसाच राहतो.”

“याची काही नोंद ठेवता?”

मामांनी ड्रॉवरमधून ब्रेकेजची वही काढली. पानं निळी-जांभळी झालेली, अक्षर मात्र टपोरं. ‘बीकर 250, एक. पोरगं नीट आहे. ब्युरेट, एक. बोटाला थोडं लागलं, टाका नाही. थर्मामीटर, एक. पारा गोळा केला, पोरी बाहेर काढल्या, सर्व नीट.’ वर्षानुवर्षांच्या नोंदी.

मॅडमनी त्या पानाचा फोटो घेतला. संध्याकाळी प्राचार्यांनी मामांना बोलावून वहीला नवीन पुठ्ठा घालायला आणि वर इंग्रजीत ‘इन्सिडंट रजिस्टर’ लिहून घ्यायला सांगितलं. मामांनी पुठ्ठा घातला, नाव सरांकडून लिहून घेतलं, आणि आत पुढची नोंद केली : ‘पिपेट 10 मिली, एक. पोरगी नीट आहे. पैसे यायचेत.’