लसूण आणि दरबार

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो आणि गुडघ्याला प्लॅस्टर बसलं. 6 आठवडे देवळात जाणं बंद. आमच्या नगरकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येकजण हळहळायचा, "उपासना चुकते ना!" मीही चेहरा पाडून मान हलवायचो. खरं सांगायचं तर मला भयंकर बरं वाटत होतं. पंचकमिटीच्या निवडणुकीनंतर कोण कोणाशी बोलत नाही हे ध्यानात ठेवून बाक निवडणं नको, पाऊण तासाचा उपदेश नको आणि तिसऱ्या कडव्यात स्वतःची वाट धरणारी ती पेटी तर नकोच नको.

पहिल्या रविवारी ही देवळात गेली आणि मी ओट्याशी खुर्ची ओढून लसूण सोलत बसलो. येशूनं सांगूनच ठेवलंय, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. आमच्या घरात आतून कडी लागणारं दार एकच, ते न्हाणीघराचं. म्हणून स्वयंपाकघर. शिवाय त्याचं स्वतःचं कितीतरी बोलणं लोकांच्या पंगतीत, विहिरीवर, नाहीतर होडीत बसून झालेलं. एक गड्डी संपेपर्यंत मी त्याच्याशी जे बोललो, ते बाकावर बसून 15 वर्षांत बोललो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं. कांदा नव्हता, लसूण होता, म्हणून खात्रीनं सांगतो.

झालं. मला वकील आठवायला लागले. पहिले नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून मोकळा झाला आणि साताऱ्याला त्यानं 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा झालेल्याला जागा आणि न झालेल्यालाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस. त्याला मिशनचा हजेरीपट कितीसा पुरणार! पण 1919 साली टिळक गेलेच. दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची साक्ष तर त्याहून पक्की. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या कित्येक वर्षं सोवळं सांभाळून होत्या. मग एका रात्री त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला: जात काही देवानं केलेली नाही, ती माणसांची. तेव्हापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरलं. 'स्मृतिचित्रे'तला हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. तिथे ना पाळक, ना घंटा, ना दानार्पणाची पिशवी. बाप्तिस्मा मागाहून, 1900 साली.

ही देवळातून परत आली तेव्हा मी हे सगळं तिला ऐकवलं. तिनं पदर खोचला, कुकर चढवला आणि म्हणाली,

"टिळकांनी पगार सोडला. तुम्ही काय सोडलंत?"

"उपदेश," मी म्हणालो.

"अहो, आणि आज टिळकांचीच तीन पदं म्हटली आम्ही. उपासना संगीत उघडलं की तेच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिशन सोडून गेलेला माणूस दर रविवारी मंडळीच्या तोंडी असतो आणि मी, आयुष्यभराचा सभासद, लसूण सोलतोय.

चौथ्या आठवड्यात मला एक शंका आली. धाकट्या भावाचं आणि माझं शेताच्या बांधावरून तीन वर्षं बिनसलंय. मी स्वयंपाकघरातल्या येशूपुढे सगळी हकीकत मांडली, मोजणीच्या नकाशासकट. तो म्हणाला, तुझंच बरोबर आहे. आदल्या आठवड्यात पेटीवाल्याबद्दलही तो असंच म्हणाला होता. पंचकमिटीबद्दल तर शब्दन् शब्द माझाच. ज्यानं पेत्राला भर रस्त्यात झापलं, तो माझ्याशी इतका गोडीत कसा? सोललेल्या पाकळ्यांकडे बघत बसलो आणि लक्षात आलं की गेले चार रविवार बहुतेक मीच दोन्ही बाजूंनी बोलतोय.

प्लॅस्टर निघाल्यावरचा पहिला रविवार नेमका प्रभुभोजनाचा निघाला. काठी टेकत टेकत पोचलो तोवर एकच जागा उरली होती, भावाच्या शेजारी. पेटी तिसऱ्या कडव्यात सुटलीच. उपदेश लांबला. मग छोट्या पेल्यांचं ताट बाकावरून सरकत आलं, त्यानं घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि माझा गुडघा अवघडलेला पाहून जरा खाली केलं. आम्ही बोललो काहीच नाही.

बांधाचं अजून मिटलेलं नाही. आठवड्याचा लसूण मात्र शनिवारी रात्री मीच सोलतो.