लूपमधले भाऊ

परळीत कोणाचं काय चाललंय हे कळायला चहाच्या गाड्यावरची पाच मिनिटं पुरतात. थर्मल वीजकेंद्राचा संच चालू की बंद, हे तर विचारावंही लागत नाही. मान वर करून चिमणीकडे बघितलं की झालं. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी वीजकेंद्र बंद पडलं, तेव्हा धूर दिसेना, त्यावरूनच गावाला कळलं. अशा गावात ‘मला लूपमध्ये ठेवा’ म्हणत हिंडणारा माणूस निपजावा, ही मौजच.

पण निपजला. प्रत्येक गल्लीत एखादा सापडेल. सोयीसाठी त्याला भाऊ म्हणू. थर्मलमधून निवृत्त, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बहुधा वाळलेलं. भाऊ लेकीकडे हिंजवडीला पंधरा दिवस राहून आले. जावई दिवसभर कानात यंत्र घालून ‘लूप मी इन’, ‘कीप मी पोस्टेड’ करत बसायचे. भाऊंना त्यातलं काम काही कळलं नाही. वजन तेवढं कळलं.

पहिला प्रयोग मोंढ्यात झाला. अडत दुकानात सोयाबीनचा भाव विचारून निघताना भाऊ म्हणाले, “कीप मी पोस्टेड.” मुनीमजींनी चष्म्यावरून बघितलं आणि वही उघडली. “पोस्ट केलेलंच आहे की, भाऊ. दिवाळीपासूनचं आहे.”

मुनीमजींचं काही चुकलं नव्हतं. हा वाक्प्रचार मुळात वहीखात्यातलाच. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत चढवणं म्हणजे पोस्टिंग; ज्याची खतावणी आजपर्यंतची, तो पोस्टेड. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी व्यापारी परळीच्या मोंढ्यात आला असता, तर त्याचं मुनीमजींशी छान जमलं असतं. भाऊंना मात्र उधारी चुकवावी लागली.

मग पानवाल्याला भाऊ म्हणाले, ‘उद्या टच बेस करू.’ हे बेसबॉलमधून आलेलं. पानवाला एवढंच म्हणाला, “बेस!”

खरी पंचाईत लूपची झाली, कारण परळी हे जंक्शन. स्टेशनवरच्या ओळखीच्या पॉइंट्समनला भाऊ म्हणाले, “आम्हाला लूपमध्ये ठेवत जा.” तो चक्रावला. “लूपला कशाला ठेवू? मालगाडी आहात का तुम्ही?” रेल्वेत लूप म्हणजे मुख्य रुळाशेजारचा बाजूचा रूळ. मागून एक्स्प्रेस येत असली की कोळशाची गाडी तिथं घेऊन उभी करतात. लूपमध्ये जो असतो, त्याला सोडून सगळे पुढं जातात!

भाऊंनी ऐकून घेतलं, पण शब्द सोडला नाही. कारण त्यांना माहिती नकोच असते, ती असतेच. पुतण्याचं लग्न जमतंय, याची कुणकुण त्यांना पुतण्याच्याही आधी लागली होती. सुपारी फुटली तेव्हा ते वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्यांवर बसून तीच बातमी तिसऱ्या माणसाला सांगत होते. तरी घरी येऊन म्हणाले, “मला कोणी लूपमध्ये घेतलं नाही.” पोळी उलटता उलटता त्यांच्या बायकोनं सुनेला भाषांतर करून दिलं, “रुसलेत.”

पूर्वी ते रुसले की जेवायचे नाहीत. आता जेवतात, पण इंग्रजीत रुसतात. ‘माझ्या कानावर घातलं असतं तर?’ एवढंच खरं तर म्हणायचं असतं. पण कानावर घालणं पडलं घरगुती, आणि लूपला कशी हापिसाची इस्त्री.

एका विषयात मात्र भाऊ पुरते लूपमध्ये आहेत, दोन्ही अर्थांनी. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी गाडी’ ही आतल्या गोटातली बातमी ते दरवर्षी पुरवतात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी बीडपर्यंत आली. परळीचा टप्पा बाकी होता. भाऊ म्हणाले, “पुढच्या वर्षी.”

परवा लेक पुण्याहून यायची होती. भाऊ अर्धा तास आधीच फलाटावर. वेळ टळून गेली, तसा त्यांनी फोन लावला.

“बाबा, घाटनांदूरला थांबलोय. समोरून गाडी येतेय म्हणे. लूपला घेतलंय आम्हाला.”

तेवढ्यात पॉइंट्समन समोरून गेला. “काय भाऊ, कुठाय गाडी?”

“बाजूला उभी केलीय,” भाऊ म्हणाले.