आठ तोळ्यांचा अल्फा

२०२३ च्या सप्टेंबरात आमचा पुतण्या फायनान्स अँड इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंटमध्ये एमएस्सी करायला विलायतेला गेला. इथे एमकॉमला दोन वर्षं घालवावी लागतात, तिथे एका वर्षात काम होतं. वेळ वाचतो म्हणजे पैसा वाचतो, असं एजंटाच्या कचेरीतल्या गोड बोलणाऱ्या मुलीने दादाला पटवलं. तो वाचलेला पैसा दादा अजून शोधतो आहे.

फीसाठी बँकेने कर्ज दिलं आणि डोंबिवलीचा वन बीएचके तारण म्हणून लिहून घेतला. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र खात्यात दाखवायचा होता. लंडनबाहेर महिना १,०२३ पौंड, असे नऊ महिने. पौंड तेव्हा शंभरीपार, म्हणजे नऊ लाखांच्या वर. शिवाय ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात जागची हलता कामा नये. आत्याने तीन लाख दिले ते व्हिसाचा शिक्का पडेपर्यंतच्या बोलीवर. शिक्का पडल्याचं आमच्या आधी आत्याला कळलं.

उरलेल्यासाठी वहिनीच्या पाटल्या मोडल्या. सासूबाईंच्या चार पाटल्या, आठ तोळे. सराफाने काट्यावर ठेवल्या, भिंग लावलं, ‘डाग जुना आहे, घट येणार,’ म्हणाला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. चोख सोनं तेव्हा दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास होतं. वहिनी आकड्याकडे न बघता रिकाम्या मनगटावर साडीचा पदर ओढून बसली होती.

पहिल्याच सत्रात मार्कोविट्झ. या गृहस्थांनी १९५२ साली गणित मांडून दाखवलं की सगळी पुंजी एका ठिकाणी गुंतवू नये, आणि त्याबद्दल १९९० मध्ये नोबेल मिळवलं. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर खिचडी ढवळता ढवळता हे आम्हाला समजावून सांगितलं.

‘मग आपला फ्लॅट, पाटल्या, माझा पीएफ, हे सगळं एकाच ठिकाणी घातलंय त्याचं काय?’ दादाने विचारलं.

‘कुठे घातलंय?’

‘तुझ्यावर.’

पलीकडे खिचडी करपल्याचा वास आला असावा, कारण कॉल लगेच बंद झाला.

(खुद्द मार्कोविट्झनी स्वतःच्या निवृत्तीचे पैसे गुंतवताना आपलं गणित वापरलंच नाही. निम्मे शेअरमध्ये, निम्मे रोख्यांत टाकून मोकळे झाले. तसं त्यांनी स्वतःच सांगितलंय. एवढी अक्कल विनाशुल्क होती.)

दुसऱ्या सत्रात फामा आणि शिलर. फामांच्या मते शेअरच्या भावात सगळी माहिती आधीच मुरलेली असते. शिलरांच्या मते बाजाराला अधूनमधून चढते. २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून दिलं, वर हॅन्सन म्हणून तिसरे एक. मर्टन आणि शोल्स यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि ते भागीदार असलेला फंड वर्षभरात असा आपटला की चौदा वित्तसंस्थांनी ३६० कोटी डॉलर ओतून त्याला सावरला. परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो म्हणे.

पुतण्याच्या प्रबंधाचा विषय ऐकून मात्र आम्ही सगळेच गप्प झालो. संकटकाळात सोनं हा गुंतवणुकीचा भरवशाचा आसरा ठरतो का? आईच्या पाटल्यांवर शिकून पोराने साठ पानं लिहिली ती सोन्यावर. निष्कर्ष असा की काही बाजारांत, काही काळ, काही अंशी ठरतो. मेरिट मिळालं.

मधल्या काळात, २०२४ च्या एप्रिलात, तिथल्या सरकारने कामाच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली होती. ‘काका, याला सिस्टिमॅटिक रिस्क म्हणतात. कितीही विभागून गुंतवलं तरी ही टळत नाही,’ पुतण्या म्हणाला. आजाराचं नाव कळलं की रुग्णाला बरं वाटतं, तसा त्याचा चेहरा होता. सध्या तो एका वखारीत रात्रपाळीला खोकी मोजतो. लिंक्डइनवर त्याला ‘इन्व्हेंटरी ॲनालिटिक्स’ म्हणतात.

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेला वहिनी मुहूर्ताचं ग्रॅमभर वेढणं घ्यायला त्याच सराफाकडे गेली. आठवडाभर आधीच सोनं दहा ग्रॅमला लाखाला शिवून आलं होतं. दादाने विजेच्या बिलामागे ढोबळ हिशेब केला, तोळ्यामागे चाळीस हजार, आठ तोळ्यांचे तीन लाख वीस हजार. बाजारापेक्षा वरचढ मिळतं त्याला अल्फा म्हणतात, हे दादा पोराकडूनच शिकला होता. त्याने आकड्याखाली ‘अल्फा’ लिहिलं आणि बिल घडी करून खिशात घातलं. कर्जाचा हप्ता सुरू व्हायला अजून अवकाश होता. व्याजाला तेवढा दम नव्हता.

तेवढ्यात पुतण्याचा फोन. ‘आई, आत्ता सोनं घेऊ नकोस. भाव फार चढलाय, उतरेल.’

‘तुझ्या त्या पुस्तकात लिहिलंय का तसं?’

‘नाही गं. त्यातला डेटा २०२३ पर्यंतचाच होता.’

‘माझाही,’ वहिनी म्हणाली, आणि सराफाला वेढणं बांधायला सांगितलं.