एका 'ए'चा खुलासा

इंग्रजीत 'स्टेशनरी' असे दोन शब्द आहेत; एकाचा अर्थ जागच्या जागी निश्चल उभे असलेले, आणि दुसऱ्याचा कागद, टाक, दौत, लिफाफे इत्यादी लेखनसामग्री. उच्चारात दोहोंत तिळमात्र अंतर नाही, आणि आपल्या बाळबोध लिपीने तर दोघांना एकाच अंगरख्यात कोंबले आहे. भेद काय तो रोमन लिपीतल्या एका स्वराचा, उभ्याला 'ए' आणि कागदाला 'ई'. हा भेद आमच्या स्मरणात राहावा म्हणून मास्तरांनी एक युक्ती सांगितली होती, की 'एन्व्हलप'चे आद्याक्षर तेच कागदाचे अक्षर. परंतु त्या शब्दाच्या आरंभी माझ्या मराठी कानाला स्वच्छ 'ए' ऐकू येत असल्यामुळे, कचेरीच्या वार्षिक सामग्रीचे मागणीपत्र लिहिण्याचा पहिला प्रसंग आला तेव्हा, मास्तरांचे पुण्यस्मरण करून मी तो 'ए'च मोठ्या विश्वासाने ठोकून दिला. साहेबांनी समासात शेरा मारला: 'निश्चल वस्तू या कचेरीत मुबलक आहेत, हेडक्लार्कापासून शिपायापर्यंत मोजदाद करून कळवावे.'

अपमानित कारकुनाला शब्दकोशावाचून आसरा नसतो. तेथे मला उमजले, की हे दोन शब्द सख्खी भावंडेच. मध्ययुगीन युरोपात पाठीवर गाठोडे मारून गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांहून निराळा, विद्यापीठाच्या आश्रयाने एके जागी दुकान थाटून बसलेला जो ग्रंथविक्रेता, तो लॅटिनात 'स्टेशनेरियस', म्हणजे ठाण मांडून बसलेला. आणि त्याचा माल ती स्टेशनरी. लंडनात या मंडळींचा संघ १४०३ साली स्थापन झाला, आणि १५५७ साली राजसनद मिळून छपाईची मक्तेदारीही त्याच्या पदरात पडली. बसल्या जागी इतके मिळवलेले कारकून आमच्याकडेही होते. त्यांना सनद मात्र नव्हती.

मुळातला लॅटिन धातू आपल्या 'स्था'चा भाऊबंद. या 'स्था'तूनच आपले स्थावर आले, ठाण आले, आणि शिलाहारांच्या श्रीस्थानकाचे ठाणेही आले. १८५३ साली बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी जेथवर गेली ते हेच, म्हणजे इंग्रजाने तेथे स्थानकातच स्थानक उभारले!

हे सर्व पांडित्य मी खुलाशादाखल साहेबांच्या हुजुरात सादर केले. कचेरीतला कागद संपलेला असल्यामुळे ते त्याच मागणीपत्राच्या पाठीवर लिहावे लागले. त्यावर शेरा आला, 'दप्तरी ठेवावे.' तसे ते ठेवले गेले, आणि त्या वर्षीच्या पेन्सिली मी पदरच्या पैशांनी घेतल्या.