ताप मोजायचा थर्मामीटर

असोद्यात परवा आमच्या भाच्यानं जुनी मोटार घेतली. विकणारा म्हणाला होता, "एसी एकदम चिल्ड!" आणि बाहेर ४४ अंश. मे महिन्यात आमच्याकडे हा शब्द लस्सीवालासुद्धा जपून वापरतो. तेव्हा चाचणी घ्यायचं ठरलं.

जळगावहून मेकॅनिक आला. त्यानं शास्त्र सांगितलं. आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा घालवायची. मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर धरायचं आणि मधल्या जाळीत थर्मामीटर खोचून दहा मिनिटं थांबायचं. त्याचा थर्मामीटर दुकानात राहिला होता. घरात ताप मोजायचा होता, पण त्यावर ३५ च्या खाली आकडाच नाही.

शेवटी गावची पद्धत वापरली. मागच्या सीटवर आबांना बसवलं. दहा मिनिटांनी भाच्यानं विचारलं, "आबा, कसं वाटू ऱ्हायलं?" आबा घोरत होते. एसी पास.

तेवढ्यात ओट्यावरून आजीनं विचारलं, "पन मंग आतली गरमी जाते कुठी रे भाऊ?"

हा प्रश्न चाचणीत नव्हता. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि पुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर ओढायला जाळलेल्या पेट्रोलची धग वेगळी. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, तशी आजी लांबूनच म्हणाली, "इथी बिबड्या वाळतीन." आजीचा सगळा संसार धाब्याच्या घरात झाला. तिथं गारवा मातीच्या जाडीतून मिळायचा. त्यासाठी शेजाऱ्याला तापवावं लागत नसे.

आता रेल्वे फाटकापाशी बघा. काचा लावलेल्या दहा मोटारी आणि त्यांच्या मधोमध डोक्याला बागायती रुमाल गुंडाळलेला एक दुचाकीवाला. दहाही एसी पास आहेत, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

त्याच्या मागे केळीचा ट्रक. या केळीला पुढे पिकवणीच्या खोलीत १६ ते १८ अंशांचा थाट मिळणार. तिला तिथवर नेणाऱ्याची आठवण सरकारला डिसेंबर २०२३ मध्ये झाली. साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आणि तो तपासायला भारतीय मानकही नेमून दिलं. मात्र नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना. त्याआधीच्या ट्रकांना खिडकी आहेच.

रावेरहून केळी भरून निघालेल्या अशा जुन्या ट्रकची केबिन कोणाला तपासायची असेल, तर आमचा ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन जा. तिथं तो बरोबर चालेल.