पत्ता अपूर्ण आहे

‘आपलं पार्सल गोदामात आलं आहे. दोनदा पोचवण्याचा प्रयत्न केला, पण पत्ता अपूर्ण आहे. ४८ तासांत खालच्या लिंकवर पत्ता भरा, नाहीतर पार्सल परत जाईल.’ पोस्टाच्या नावाने देशभर फिरलेला हा इंग्रजी मेसेज खोटा असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) जाहीर केलंय. पण नगर जिल्ह्यात त्यावर विश्वास बसतो, कारण आपला पत्ता पूर्ण आहे असा आमचाही दावा नाही.

‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीशेजारी, ता. पारनेर’ एवढ्यावर आमच्याकडे पत्र पोचतं. गिरणी कधीच बंद पडलेली असते. पोस्टमनला तेही ठाऊक असतं. त्यात २०२४ साली जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं. आता कागदावर एक नाव, जुन्या पाटीवर दुसरं आणि तोंडात नुसतं ‘नगर’. ‘पत्ता अपडेट करा’ म्हटलं की माणूस चटकन म्हणतो, अरे हो, ते राहिलंच! भामट्याला यातलं काही ठाऊक नसावं, पण नेम बरोबर बसतो.

वास्तविक नाव बदललं तरी शहराचा पिन ४१४००१ च राहिला. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला हा पिनकोड आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! एकाच नावाची दहा गावं आणि दहा भाषांतले पत्ते, यावर त्यांनी सहा आकड्यांत तोड काढली. पिनला जिल्ह्याचा अभिमान वगैरे नसतो. जामखेडचा ४१३ ने सुरू होतो, संगमनेरचा ४२२ ने, कोपरगावचा ४२३ ने. तरी पार्सल पोचतं.

हाच मेसेज आईच्या मोबाइलवर आला. मी तो मराठीत वाचून दाखवला.

“दोनदा कोण येऊन गेलं? मी सकाळपासून ओट्यावर बसलेय. मांजर गेलं तरी मला कळतं.”

“अगं, खोटं आहे ते.”

“ते कळलंच. पण पाठवलं कुणी असेल रे?”

पहिल्या प्रश्नाला कुठलाही सायबर तज्ज्ञ आईला गुरू मानेल. दुसऱ्या प्रश्नावर मात्र भामट्याचं घर चालतं. आपण काही मागवलेलं नसतं, पण आलंच असेल तर परत का जाऊ द्यायचं? लिंक उघडली की पोस्टासारखंच दिसणारं पान येतं, पत्ता घेतं आणि पुन्हा पोचवण्याचे पंचवीसेक रुपये मागतं. एवढ्यात काय जातंय, असं आपल्याला वाटतं. जातं ते कार्ड: नंबर, मागचे तीन आकडे आणि वर ओटीपी.

मेसेज बहुधा परदेशी नंबरवरून किंवा कुठल्याशा ईमेलवरून येतो. काही तर आधी ‘वाय’ असं उत्तर पाठवायला सांगतात, कारण अनोळखी माणसाची लिंक आयफोन एरवी उघडू देत नाही. म्हणजे कडी आपणच काढून द्यायची! पोस्टाच्या खऱ्या संकेतस्थळाचं नाव ‘गव्ह डॉट इन’वर संपतं, त्यापुढे आणखी शेपूट दिसलं तर हात आखडावा. स्पीड पोस्टला तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, तो त्या संकेतस्थळावर आपण स्वतः घालून बघावा. पैसे गेलेच, तर नातेवाइकांचा सल्ला नंतर; आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.

पण माझी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे भाषा. ‘प्रिय ग्राहक, आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असं आमच्याकडे खरा पार्सलवाला कधी बोलल्याचं ऐकिवात नाही. तो फोन करतो, मागे मोटारसायकल धडधडत असते, आणि म्हणतो, “टाकीपाशी उभाय. या लवकर.”

परवा असाच एक मुलगा थेट दारात आला आणि त्याने ओटीपी मागितला. हा ओटीपी खरा होता. पार्सल हातात आल्यावर सांगायचाच असतो. पण आई आता तयार झालेली. “आधी गाव सांग.” पाथर्डी. “कुणाचा?” त्याने आडनाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, मग चुलत आजीच्या माहेराशी नातं जुळलं. चहा झाला. इतक्या तपासणीनंतर आईने ओटीपी दिला आणि खोकं फोडलं. आत मी मागवलेली मच्छरदाणी होती.

“एवढ्यासाठी त्याला बसवून ठेवलं होय!” आई माझ्यावरच डाफरली.